बाटली तीच, कण तेच, मग सॅच्युरेशन दर वेळी वेगळं का? पेशी वेगळ्या करणाऱ्या नॅनोकणांचं चुंबकीय मापन

तक्रार साधारण अशी असते. पेशी वेगळ्या करायला वापरतात त्या लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांची एक बाटली. तिच्यातला नमुना व्हीएसएमवर, म्हणजे नमुना कंपवून त्याचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर, लावला. सॅच्युरेशन, म्हणजे कण जास्तीत जास्त जेवढे चुंबकित होतात ती पातळी, आलं समजा ५८ इएमयू/ग्रॅम (इएमयू हे चुंबकीय आघूर्णाचं एकक). काही आठवड्यांनी त्याच बाटलीतून पुन्हा नमुना घेतला, तर ४१. मग खात्रीसाठी दुसऱ्या संस्थेत पाठवला, तिथून ७० आलं आणि वर लूपही उघडलेला, म्हणजे क्षेत्र वाढवतानाची आणि कमी करतानाची रेषा एकमेकींवर न बसणारी. आता प्रबंधात किंवा बॅच रिपोर्टमध्ये यातला कोणता आकडा लिहायचा?

बहुतेक जण पहिला संशय मशीनवर घेतात. मशीन कधीकधी चुकतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहेच. पण इएमयू/ग्रॅम हा भागाकार आहे. वरचा आकडा, म्हणजे चुंबकीय आघूर्ण (नमुन्याचं एकूण चुंबकी बळ), मशीन देतं. खालचा आकडा, म्हणजे वस्तुमान, आपण देतो. या कणांच्या बाबतीत घोळ बहुतांश वेळा खालच्या आकड्यात असतो, आणि नेमका तोच कुणी तपासत नाही. या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

हे मापन जीव ओतून करावं असं मला का वाटतं, तेही सांगतो. रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी मोजणारी सेलसर्च ही चाचणी २००४ साली अमेरिकेत मान्य झाली. तिच्यात ७.५ मिलिलिटर रक्तातून चुंबकीय कणांनी पेशी ओढून काढतात, आणि स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात पाच किंवा त्याहून जास्त पेशी सापडल्या तर रुग्णाचा धोका जास्त धरतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात सीडी३४ पेशी (रक्ताच्या मूळपेशी) वेगळ्या करतात त्याही अशाच कणांनी. पाच पेशींवर निर्णय होत असेल तर एखाद्या बॅचमधले कण थोडे कमी ओढले गेले, याला किरकोळ गोष्ट म्हणता येत नाही.

आधी आलेख नीट बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी कच्चा आलेख समोर घ्या. कच्चा म्हणजे कोणतीही वजाबाकी, कोणताही भागाकार न केलेला; आडव्या अक्षावर चुंबकीय क्षेत्र, उभ्या अक्षावर नुसतं इएमयू. सुविधा केंद्राकडून बरेचदा ‘दुरुस्त केलेली’ फाइल येते. ती नको, मूळ फाइल मागा. तिचं रूपच बरंच काही सांगून जातं.

मोठ्या क्षेत्रात वक्र वर गेल्यावर पुन्हा खाली झुकत असेल तर प्रतिचुंबकीय, म्हणजे क्षेत्राच्या उलट किंचित चुंबकित होणारी, पार्श्वभूमी आहे. वक्र सपाट न होता चढतच राहत असेल तर नमुन्यात समचुंबकीय (क्षेत्राच्या दिशेने किंचित चुंबकित होणारा) भाग आहे, किंवा कणांचे गाभे फार लहान आहेत, किंवा त्यांच्या पृष्ठभागावरचे स्पिन (अणूंची सूक्ष्म चुंबकं) नीट रांगेत नाहीत. शून्याजवळ वक्र दोन रेषांत फुटत असेल तर तीन-चार वेगवेगळी कारणं असू शकतात, ती पुढे येतील. आणि वक्राचा आकार दोन्ही वेळा अगदी सारखा, फक्त उंची वेगळी, असं असेल तर मशीनला मोकळं सोडा आणि तराजूकडे वळा. दोन वक्र आपापल्या कमाल किमतीने भागून एकावर एक ठेवले की हे दोन मिनिटांत कळतं. ही एक तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

पाणी किती ओढून नेतं

द्रवात मोजताना सगळ्यात पहिली अडचण पाण्याची. पाण्याची वस्तुमान-ससेप्टिबिलिटी, म्हणजे क्षेत्राच्या (ओर्स्टेड हे त्याचं एकक) प्रमाणात चुंबकित होण्याचा गुण, उणे ०.७२ × १०⁻⁶ इएमयू प्रति ग्रॅम प्रति ओर्स्टेड. आकडा नगण्य वाटतो, म्हणून हिशोब करून बघू.

कपात ५० मायक्रोलिटर द्रव घेतला आणि त्यात १० मायक्रोग्रॅम ऑक्साइड आहे असं धरा. ते ६० इएमयू/ग्रॅमचं असेल तर त्याचं आघूर्ण ६ × १०⁻⁴ इएमयू. आता १०,००० ओर्स्टेडला, म्हणजे १ टेस्लाला, तेवढ्याच पाण्याचं आघूर्ण होतं उणे ३.६ × १०⁻⁴ इएमयू. मशीनला दिसतं २.४ × १०⁻⁴, आणि तुम्ही २४ इएमयू/ग्रॅम लिहून मोकळे. क्षेत्र २ टेस्लापर्यंत नेलं तर पाण्याचा वाटा कणांपेक्षा मोठा होतो आणि एकूण आघूर्ण चक्क ऋण येतं. यात प्लास्टिकचा कप, कॅप्टॉनची प्लास्टिक टेप, जिलेटिनची कॅप्सूल धरलेलीच नाही. तीही सगळी प्रतिचुंबकीय.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे मोठ्या क्षेत्रातला उतार काढायचा आणि तो सगळ्या वक्रातून वजा करायचा. मला हा मार्ग पटत नाही. त्या उतारात कणांचा स्वतःचा उतारही मिसळलेला असतो. लहान गाभ्यांचे कण १ टेस्लालाही पूर्ण संपृक्त झालेले नसतात. १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइट गाभ्याचं आघूर्ण सुमारे २.३ × १०⁻¹⁹ अँपिअर-मीटर² भरतं. लँजव्हँ सूत्रात (क्षेत्र आणि तापमानावरून कण किती चुंबकित होतील हे सांगणाऱ्या) घातलं तर ३०० केल्व्हिनला, १ टेस्लाला तो ९८ टक्क्यांपर्यंत पोचतो. गाभा ५ नॅनोमीटरचा असेल तर आघूर्ण आठपट कमी, आणि त्याच क्षेत्रात तो ८६ टक्क्यांवर. हा उरलेला चढ तुम्ही ‘पार्श्वभूमी’ म्हणून वजा केलात तर कणांचंच चुंबकत्व फेकून दिलं. शिवाय उतार कुठून कुठपर्यंत काढला यावर उत्तर बदलतं. दोन माणसांनी दोन पट्टे निवडले की दोन उत्तरं.

योग्य रीत कंटाळवाणी आहे, पण चालते. त्याच कपात, त्याच टेपने, तेवढ्याच वजनाचा कणविरहित बफर भरायचा आणि तोच क्षेत्र-क्रम पूर्ण मोजायचा. मग बिंदूला बिंदू वजा करायचा. बफर बाटलीतल्याच कणांवरचा मिळाला तर उत्तम: अल्ट्राफिल्ट्रेशनने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीने, कण वर अडवा आणि खाली उतरलेलं पाणी वापरा. रिकाम्या कपाचा वक्रही एकदा मोजून ठेवा. शून्याजवळ त्याला लोहचुंबकीय वळण दिसलं तर कप दूषित आहे. स्टीलचा चिमटा, कात्री, ब्लेड यांनी हाताळलेल्या कपावर लोखंडाचे सूक्ष्म कण चिकटतात आणि १०⁻⁵ इएमयूच्या घरातलं मापन त्यांनी सहज बिघडतं. प्लास्टिकचा चिमटा, सिरॅमिकचं पातं आणि सौम्य आम्लात धुतलेले कप वापरा.

खालचा आकडा

आता मूळ दुखण्याकडे.

पेशींसाठीचे कण जवळजवळ नेहमी पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) येतात, सोबत ०.१ टक्का बीएसए हे प्रथिन आणि टिकण्यासाठी थोडं सोडियम अॅझाइड. समजा कणांचं प्रमाण १ मिलिग्रॅम/मिलिलिटर आहे. तुम्ही १०० मायक्रोलिटर घेतले, ओव्हनमध्ये सुकवले आणि उरलेली पूड तोलली. त्यात कण आहेत ०.१ मिलिग्रॅम. बीएसए ०.१ मिलिग्रॅम. आणि पीबीएसचं मीठ? लिटरला जवळजवळ १० ग्रॅम क्षार, म्हणजे १०० मायक्रोलिटरला १ मिलिग्रॅम. एकूण पूड १.२ मिलिग्रॅम, कण त्यातले जेमतेम आठ टक्के. ६० इएमयू/ग्रॅमच्या कणांना तुम्ही ५ इएमयू/ग्रॅमचं ठरवलं. भुईमूग मातीसकट तोलावा तसं हे झालं, फक्त इथे माती शेंगांच्या दहापट आहे.

मग लोक कण धुतात. इथे दुसरा सापळा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट, कारण दिसत नाही. नळीला चुंबक लावून, वरचं पाणी ओतून, पुन्हा पाणी घालून धुतलं की मीठ जातं. पण त्या ओतलेल्या पाण्यासोबत जे कण चुंबकाकडे आलेच नाहीत तेही जातात: लहान गाभ्यांचे, कमी लोहाचे, सुटे राहिलेले. मागे उरतात ते सगळ्यात ताकदवान. म्हणजे तुम्ही मोजलं ते बाटलीतल्या निवडक कणांचं सॅच्युरेशन. पेशी मात्र बाटलीतल्या सगळ्या कणांशी जोडल्या जाणार असतात. ५० नॅनोमीटरचे कण तर साध्या चुंबकाने तासभर ठेवूनही पुरते गोळा होत नाहीत; म्हणून तर १९९० साली श्टेफान मिल्टेन्यी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या मॅक्स या चुंबकी पेशी-विलगीकरण पद्धतीत पोलादी तंतूंनी किंवा गोळ्यांनी भरलेला कॉलम लागतो. अशा कणांना धुवायचं तर डायलिसिस किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन करा. मीठ घालवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटमध्ये बफर बदलणं. ते सुकताना उडून जातं.

धुऊनही वस्तुमानाचा प्रश्न संपत नाही. ०.०१ मिलिग्रॅम वाचणाऱ्या तराजूवर ०.१ मिलिग्रॅम पूड तोललीत तर वाचनाच्या एका पायरीतच दहा टक्के गेले. डेक्स्ट्रानचं (साखरेच्या लांब साखळ्यांचं) आवरण असेल तर ते हवेतली ओल पितं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये डेसिकेटरमधून काढलेला नमुना तराजूवर ठेवला की आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. आणि मुळात आवरणासकट तोललेल्या कणाचा इएमयू/ग्रॅम दुसऱ्या कुणाशी तुलना करण्याजोगा नसतोच. एकाचं डेक्स्ट्रान, दुसऱ्याचं सिलिका, तिसऱ्याचं पॉलिस्टायरिन. ट्रॉन्डहाइमच्या जॉन उगेलस्टाड यांच्या कामातून जे एकसारख्या मापाचे पॉलिस्टायरिनचे मणी आले, त्यातल्या २.८ मायक्रोमीटरच्या मण्यांत लोह साधारण एक-दशांशाच्या आसपास असतं. त्यांचं सॅच्युरेशन मण्याच्या वजनावर काढलं तर ११ इएमयू/ग्रॅमच्या जवळपास येतं. कागदावर हा आकडा बघून कण कमकुवत वाटतील. पण लोहाच्या वजनावर काढलं की तेच ९० च्या घरात.

म्हणून माझं ठाम मत: इएमयू प्रति ग्रॅम ‘लोह’ लिहा. आणि लोह मोजा ते त्याच नमुन्यातलं. ‘त्याच बाटलीतलं’ पुरेसं नाही, ‘त्याच कपातलं’ हवं. व्हीएसएमवर ५० मायक्रोलिटरचा कप मोजून झाला की तो कप उघडा, सगळा ऐवज गाढ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, कप आम्लानेच दोनदा विसळून तेही त्यात घाला, आणि मग आयसीपी-ओईएस (मूलद्रव्य मोजणारं प्लाझ्मा-यंत्र) किंवा फेरोझीन या लोहाशी रंग देणाऱ्या रसायनाने लोह काढा. फेरोझीनचा जांभळा रंग ५६२ नॅनोमीटरला वाचतात. त्याआधी सगळं लोह अॅस्कॉर्बिक आम्लाने किंवा हायड्रॉक्सिलअमाइनने फेरस (Fe²⁺) रूपात आणावं लागतं. याचा मोठा फायदा असा की पिपेटची चूक, बाटली नीट न हलवल्याची चूक, मणी तळाशी बसल्याची चूक, सगळ्या एका फटक्यात बाद होतात. वरचा आणि खालचा आकडा एकाच थेंबाचा झाला की भागाकार खरा.

विरघळवण्यात मात्र घाई नको. डेक्स्ट्रानचे कण आम्लात लवकर विरघळतात. पॉलिस्टायरिनच्या छिद्रांत बसलेलं लोह बाहेर यायला वेळ लागतो. सिलिकाचं जाड आवरण आम्लाला आत शिरू देत नाही. तिथे कोमट आम्लात रात्रभर ठेवावं लागतं किंवा मायक्रोवेव्ह डायजेशन करावं लागतं. विरघळणं पूर्ण झालं का हे तपासायला साधी युक्ती आहे: आम्लातल्या उरलेल्या गाळाला जोरदार निओडिमियम चुंबक लावा. गाळ हलला तर लोह अजून आत आहे.

आता एक पडताळा, जो मी प्रत्येक अहवालावर करतो. मोठ्या आकाराच्या मॅग्नेटाइटचं सॅच्युरेशन खोलीच्या तापमानाला ९२ इएमयू/ग्रॅम. मॅग्नेटाइटमध्ये लोह वजनाने ७२.४ टक्के. म्हणजे लोहाच्या ग्रॅममागे १२७ ही लोह-ऑक्साइडच्या कणांसाठी छतासारखी मर्यादा. मॅगहेमाइट या मॅग्नेटाइटच्या ऑक्सिडीकरण झालेल्या रूपासाठी ती ११० च्या आसपास. तुमचा आकडा १२७ च्या वर गेला असेल तर कण अलौकिक नाहीत. लोह पूर्ण विरघळलेलं नाही आणि खालचा आकडा लहान आलाय. अपवाद फक्त धातुरूप लोखंडाच्या गाभ्याचा. तिथे मर्यादा २१८ पर्यंत जाते. उलट आकडा ४० च्या खाली असेल तर गाभे फार बारीक आहेत, किंवा लोहाचा काही भाग चुंबकीय नसलेल्या ऑक्साइडमध्ये किंवा मोकळ्या आयनांच्या रूपात आहे. अल्ट्राफिल्ट्रेशनने खाली उतरलेल्या पाण्यात लोह सापडतं का ते बघा, लगेच उलगडा होईल.

आणि जुनी बाटली असेल तर मॅग्नेटाइटचं हळूहळू मॅगहेमाइट होतं, हेही लक्षात ठेवा. पण त्याने काही टक्क्यांचा फरक पडतो. ५८ चं ४१ होत नाही.

लूप उघडला तर

पेशी वेगळ्या करायच्या कणांना चुंबक काढल्यावर आघूर्ण उरता कामा नये, नाहीतर ते एकमेकांना चिकटून गोळे करतात. म्हणून अहवालात कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) दिसली की घाबरगुंडी उडते. आधी विचारा: नमुना ओला होता की सुका?

द्रवात कण स्वतः वळू शकतो. गाभ्याचं आघूर्ण आत अडकलेलं असलं तरी अख्खा कण फिरून क्षेत्राकडे तोंड करतो, आणि क्षेत्र गेलं की कण पुन्हा वाटेल तसे फिरतात. त्यामुळे द्रवात लूप बंद दिसतो. तेच कण सुकवले, गोठवले किंवा इपॉक्सीत बसवले की फिरणं बंद. आता ज्या गाभ्यांचं आघूर्ण आत अडकलेलं आहे ते रेमनन्स, म्हणजे क्षेत्र गेल्यावर उरलेलं चुंबकत्व, दाखवणार. शिवाय सुकताना कण एकमेकांना टेकतात आणि वक्राची सुरुवातीची चढणही बदलते. दोन्ही मापनं खरी आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. तुलना करताना मात्र ओल्याची ओल्याशीच करा, आणि अहवालात अवस्था लिहाच.

द्रवाचे स्वतःचे त्रास आहेत. मायक्रोमीटरच्या घरातले मणी मापन चालू असताना तळाशी बसतात, क्षेत्रात साखळ्या करतात, आणि नमुन्याचं केंद्र सरकतं. स्क्विड या अतिसंवेदनशील चुंबकत्वमापकाच्या कोठीत हेलियमचा दाब कमी असतो, तिथे झाकण सैल असेल तर पाणी उडून जातं आणि शेवटचे बिंदू सुक्या नमुन्याचे निघतात. मापनाआधी आणि नंतर कपाचं वजन घ्या. फरक पडला तर तो वक्र बाद. मी मोठ्या मण्यांसाठी कोमट आगारोज (थंड झाल्यावर जेली होणारा पदार्थ) वापरायला सांगतो: मणी आगारोजमध्ये मिसळायचे, कपात लगेच गोठू द्यायचे. ते जागच्या जागी राहतात, एकमेकांपासून दूरही राहतात. फक्त मग आगारोजचा कोरा कपही मोजावा लागतो.

नमुना ओला असूनही लूप उघडला, तर संशय क्षेत्रावर घ्या. अतिवाहक चुंबकात मोठ्या क्षेत्रातून परत येताना काही ओर्स्टेड क्षेत्र अडकून राहतं. मशीन क्षेत्र मोजत नाही, विजेच्या प्रवाहावरून काढतं. त्याला वाटतं शून्य, प्रत्यक्षात २० ओर्स्टेड. वर सांगितलेल्या १० नॅनोमीटर गाभ्यासाठी २० ओर्स्टेडला चुंबकत्व सॅच्युरेशनच्या साडेतीन-पावणेचार टक्के असतं. ६० च्या कणात ते २ इएमयू/ग्रॅमहून जास्त, म्हणजे बघणाऱ्याला सरळ रेमनन्स वाटेल. ओळखायची खूण: पॅलेडियमचा तुकडा त्याच क्रमाने मोजा. पॅलेडियम समचुंबकीय आहे, त्याला लूप असूच शकत नाही. त्याचाही लूप उघडला, तर उघडलेल्या रुंदीएवढी क्षेत्राची चूक आहे आणि ती तुमच्या वक्रातून दुरुस्त करता येते. काही वेळा ही चूक लूप उलटाही करते, म्हणजे उतरती रेषा चढतीच्या खाली. असा उलटा लूप दिसला तर नमुन्यात नवं भौतिकशास्त्र शोधू नका.

मशीनकडच्या गोष्टी, थोडक्यात

सायमन फोनर यांनी १९५९ साली वर्णन केलेल्या व्हीएसएमचं तत्त्व आजही तेच आहे: नमुना कंप पावतो, शेजारच्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. ते व्होल्टेज नमुना कुठे आहे आणि केवढा आहे यावरही ठरतं. निकेलच्या बारीक गोळ्याने कॅलिब्रेट केलं आणि नंतर सहा मिलिमीटर उंच द्रवाचा कप लावला, तर काही टक्क्यांची तफावत इथेच येते. निकेल त्याच कपात, द्रवाच्या मध्याच्या उंचीवर ठेवून कॅलिब्रेट करा. खोलीच्या तापमानाला, ५,००० ओर्स्टेडच्या आसपास, निकेल ५५ इएमयू/ग्रॅमच्या जवळ यायला हवं. नमुना बदलला की तिन्ही अक्षांवर पुन्हा मध्य साधा; द्रवाच्या कपात हे फार वेळा राहून जातं.

आकडा जुळला, तरी पेशी येत नाहीत

ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन बॅच, दोन्हींचं सॅच्युरेशन लोहाच्या वजनावर सारखं. एकीत पेशी नीट येतात, दुसरीत निम्म्या निसटतात.

सॅच्युरेशन हा सगळ्या कणांचा मिळून सरासरी गुण आहे. पेशीला ओढणारं बल ठरतं त्या एका पेशीवर बसलेल्या कणांच्या एकूण आघूर्णावर आणि क्षेत्राच्या ग्रेडियंटवर (अंतरागणिक क्षेत्र किती वेगाने बदलतं त्यावर). १० मायक्रोमीटर व्यासाची पेशी पाण्यात सेकंदाला १० मायक्रोमीटर सरकवायची तर जवळजवळ १ पिकोन्यूटन बल लागतं. ग्रेडियंट १० टेस्ला प्रति मीटर असेल तर त्यासाठी पेशीवर १० नॅनोमीटरचे सुमारे चार लाख गाभे हवेत. ग्रेडियंट शंभरपट झाला तर चार हजार पुरतात. म्हणजे कॉलममध्ये चालणारे कण नुसत्या चुंबकी स्टँडमध्ये चालतीलच असं नाही, सॅच्युरेशन कितीही चांगलं असलं तरी.

दुसरं, कणाकणांतली तफावत. दहातल्या एका कणात लोहच नसेल आणि दुसऱ्या एकात दुप्पट असेल, तरी सरासरी तीच येईल. पण लोह नसलेल्या कणावरही पेशीला धरणारी अँटिबॉडी असते. तो पेशीवरची जागा अडवतो आणि ओढत काहीच नाही. व्हीएसएमला हे कधीच दिसणार नाही. यासाठी क्लीव्हलँड क्लिनिकचे माचेय झ्बोरोव्स्की आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचे जेफ्री चाल्मर्स यांनी एक पद्धत विकसित केली: ठरावीक ग्रेडियंटमध्ये एकेका पेशीचा वेग सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित करायचा. त्यातून सरासरीऐवजी वेगांचं अख्खं वितरण हाती येतं. ही पद्धत इतकी नाजूक आहे की ऑक्सिजन नसलेल्या तांबड्या पेशी, कोणताही कण न लावता, नुसत्या हिमोग्लोबिनमुळे सरकताना दिसतात. समचुंबकीय हिमोग्लोबिन स्वतःच आपली पेशी ओढतं, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

हे उपकरण प्रत्येक प्रयोगशाळेत नसतं. त्याऐवजी स्पेक्ट्रोफोटोमीटरने बरंच काम होतं. क्युव्हेटच्या एका बाजूला ठरावीक चुंबक ठरावीक अंतरावर बसवा, गढूळपणा वेळेबरोबर उतरताना नोंदवा. अर्धा गढूळपणा जायला किती वेळ लागला हे बॅचची ओळख म्हणून ठेवा, आणि शेवटी किती गढूळपणा मागे उरला हेही. हा उरलेला भागच निसटणाऱ्या कणांचा असतो. तो दोन बॅचमध्ये वेगळा आला तर पेशी का येत नाहीत त्याचं उत्तर बहुधा मिळालं. कणांचं प्रमाण मात्र दर वेळी तेच ठेवा. दाट द्रावणात कण साखळ्या करून एकमेकांना सोबत ओढतात आणि वेळ कमी लागतो, त्यामुळे दोन वेगळ्या प्रमाणांवरचे वेळ जुळवून बघण्यात अर्थ नाही.

तापमानही लिहा. पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) २० अंशांना १.० मिलिपास्कल-सेकंद, ३० अंशांना ०.८, आणि ४ अंशांना जवळपास १.६. एसी बंद असलेल्या खोलीत ३० अंशांना सरकणारी पेशी फ्रिजमधून काढलेल्या बफरमध्ये निम्म्या वेगाने सरकते. पेशी जिवंत राहाव्यात म्हणून बफर थंड ठेवायचा असतो, तो ठेवाच. फक्त स्टँडमध्ये नळी ठेवायचा वेळ त्या तापमानाला ठरवलेला असू द्या. कणांची तक्रार लिहिण्याआधी नळीतलं तापमान एकदा मोजून बघा.